खिशातलं कार्ट्रिज

अण्णा संध्याकाळी फिरायला निघाले की त्यांच्या पँटचा उजवा खिसा फुगलेला असायचा. खिशात प्रवासातली साबणाची डबी. डबीत साबण नसे. घरच्या प्रिंटरचं रंगीत कार्ट्रिज असे, खाली शाई वाळू नये म्हणून ओल्या कापसाची गादी. बाकीचे लोक घराला कुलूप लावून चावी खिशात ठेवतात. माझ्या सासऱ्यांनी प्रिंटर उघडा ठेवला आणि शाई खिशात घातली. भिंगारच्या बाजारात, देवळात, एकदा तर लग्नाच्या पंगतीतही ती डबी त्यांच्याबरोबर बसून आली.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. तेराव्यापर्यंत मी ते पाळलं. आता लिहितो: अण्णा कोत्या मनाचे होते. लष्कराच्या एका डेपोत त्यांनी जन्मभर स्टोअर सांभाळलं आणि निवृत्त झाल्यावर घराचं स्टोअर केलं. "मागेल त्याला दिलं तर स्टोअर कशाला, धर्मशाळा म्हणा," हे त्यांचं तत्त्वज्ञान. त्याच्या पुढचं पान कोरं.

शाई लपवायची ती माझ्या सासूबाईंपासून, माईंपासून. माई पुढच्या खोलीत बालवर्ग चालवायच्या. रोज प्रत्येक मुलाला घरी न्यायला एक रंगीत चित्र: ससा, टमटम, कणीस. मूल घरी जाऊन त्या चित्रावर बोलायचं, आईबाप खूश व्हायचे. चौकात इंग्रजी नर्सरी निघाली तरी माईंचा वर्ग टिकला तो या चित्रांवर. अण्णांच्या मते मात्र ही उधळपट्टी. "कार्टी चित्र चाटतात आणि पायाखाली टाकतात. त्यासाठी ओरिजिनल शाई?"

मग स्वस्तातली, दुसऱ्या कंपनीची, त्याच प्रिंटरला चालणारी? ते तर बोलायचंच नाही. "परक्याचा बनियन घालशील का अंगात?" ते माईंना विचारत. बनियन कोण धुतं, हे माई काढत नसत.

एक कबूल करतो. स्वतःचं काही छापायचं असलं की ते देखणे दिसत. हात धुऊन यायचे, कागदाची चळत कानाशी फडफडवायची, चारी कोपरे ठोकून सारखे करायचे, कागद बाहेर आला की त्यावर हलकी फुंकर घालायची. एवढी माया त्यांनी घरातल्या कुणावर केलेली मला आठवत नाही. छापायचे काय, तर "येथे चपला काढू नयेत."

नागापूरच्या कारखान्यातून सुटल्यावर माझ्या वाटेवर एक दुकान होतं. तिथून मी माईंना ते परकं कार्ट्रिज आणून देऊ लागलो. पिशवीत खाली कार्ट्रिज, वर मेथी. माई ते लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवायच्या. अण्णांची पाठ फाटकाबाहेर वळली की बरणी उघडायची, दुसऱ्या दिवशीची चित्रं छापून व्हायची, आणि अण्णा परत यायच्या आत पंखा लावून शाईचा वास घालवायचा. त्यांच्या डबीतलं कार्ट्रिज संपेना. ते फिरायच्या वाटेवरच्या कट्ट्यावर सांगत सुटले, "दोन दिवाळ्या झाल्या, तेच चालतंय! याला म्हणतात ओरिजिनल." मुलांच्या हातात रोज चित्रं दिसतात ती कुठून, हे त्यांना कधी सुचलं नाही. मुलांच्या हातांकडे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मी आणि माई स्वयंपाकघरात तोंडाला पदर आणि रुमाल लावून हसायचो. फार शहाणे होतो आम्ही.

मग एकदा कॉम्प्युटरवर पाटी आली: प्रिंटर अपडेट करायचा का? घरात कुणी काही विचारलं तर अण्णांचं पहिलं उत्तर 'नाही'. कंपनीने विचारलं म्हणून त्यांनी 'होय' दाबलं. "कंपनीला नाही म्हणणारे आपण कोण?" त्या संध्याकाळपासून प्रिंटर माईंचं परकं कार्ट्रिज ओळखेना. आत घातलं की लाल दिवा.

दुसऱ्या दिवशी रविवार नव्हता, पण मला सुट्टी होती; मी पुढच्या खोलीतच बसलो होतो. वर्ग सुटत होता. एका मुलीची आई म्हणाली, "माई, आज चित्र न्हाई व्हय? चिमी लई रडती ओ." माई अण्णांकडे वळल्या. सगळ्यांसमोर, हात पुढे करून म्हणाल्या, "अहो, डबी द्या ना. आजच्यापुरती."

अण्णांनी खिशावर हात ठेवला. "वर्ग तुझा, शाई तुझी. माझ्या स्टोअरवर दुकान मांडू नकोस."

आया चपला घालू लागल्या. माईंचा हात तसाच पुढे होता. मग त्या खाली बसल्या आणि पाटीवर ससा काढून चिमीला दाखवू लागल्या. सशाचा एक कान लांब झाला.

मी पेपर वाचत होतो. खरं तर वाचतही नव्हतो, धरला होता. "अण्णा, द्या ती," एवढंच म्हणायचं होतं. जावयाला ते नाही म्हणाले नसते. आठवड्याने मी नव्या चिपचं, अपडेटनंतरही चालणारं कार्ट्रिज शोधून आणलं, मेथीखाली घालून. दोन आया तोवर मुलांना नर्सरीत घालून मोकळ्या झाल्या होत्या. माईंनी मेथी घेतली, बरणी भरली, आणि त्यानंतर त्या माझ्याबरोबर हसल्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. आल्यागेल्यांनी "शिस्तीचा माणूस" म्हटलं, मीही मान हलवली. तेराव्यानंतर माईंनी साबणाची डबी उघडली. कापूस वाळून खडा झाला होता, कार्ट्रिजही.

मी पिशवीतून नवं काढलं. या वेळी वर मेथी नव्हती.

"हे परत ठेवा," माई म्हणाल्या. "ओरिजिनल आणा."

"माई, हेही तसंच छापतं हो."

"मला सांगता? छापलंय मीच." त्यांनी पैसे माझ्या हातात ठेवले. "पक्कं बिल घ्या. माझ्या नावाचं. बरणी मी घासून ठेवलीय, तिच्यात आता लोणचं घालणार आहे."

दुकानदाराने मला पाहिल्याबरोबर नेहमीच्या खणाकडे हात नेला. मी नको म्हटलं, ओरिजिनल मागितलं. तो जरा चकित झाला, खोकं काढलं, बिलबुक उघडलं.

"नाव काय टाकू?"

मी अण्णांचं नाव सांगितलं.

त्याने ते लिहून पूर्ण केलं, शिक्काही मारला, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. बिल फाडून दुसरं करायला सांगितलं. तो म्हणाला, "एकाच घरातलं ना? चालतं की."