संक्रांतीचा व्हिडिओ

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. लिलाधर. आसगावात लिलाधर कोण म्हणून विचारलं तं लोकं डोकं खाजवतीन, अन् पतंग्या म्हटलं का लगेच बोट दाखवतीन, "ते पाहा, त्याची टपरी." मोबाईल दुरुस्तीची टपरी आहे. आम्ही ढिवर, तलावावर जगणारे, अन् हा बहाद्दर पाण्याले भेते. लहानपणी डोंगीतून पडला होता म्हणे. गुडघ्याच्या वर पाणी आलं का याचे ओठ पांढरे पडतात. सासरा मरेपर्यंत म्हणत राहिला, "हे पोट्टं आमच्या घरात चुकून आलं." लग्नात पंगतीले बसला तं मागून आवाज येई, "अबे, याले मासोळी वाढू नका, गटांगळ्या खाईल!" हा हसे. अन् घरी येऊन माह्यावर चिडे.

तीन वर्षांआधी त्यानं मोबाईलवरून तो कॅमेरा मागवला. इतलुसा! गाडीच्या चाबीले लटकन असते ना, तेवढा अन् दिसालेही तसाच. पडदा नाही, काही नाही. बटन दाबलं का लाल लाईट लुकलुकते अन् शूटिंग सुरू. मंग कार्ड काढून मोबाईलमध्ये पाहा. मी म्हटलं, "आता हे काय नवीन खूळ?" म्हणे, "पाहत राय." बांबूच्या कमच्या सोलल्या, प्लास्टिकची माणसाएवढी पतंग केली, कॅमेरा खाली तोंड करून बांधला, अन् तलावाच्या पाळीवर उभं राहून उडवली.

दोरी कोणाची? कवडूची. कवडू आमचा शेजारी. तलावावर त्याची डोंगी, त्याचं जाळं, मच्छीमार सोसायटीचा जुना सदस्य. माह्या नवऱ्याले न हसणारा गावातला एकच माणूस. जाळ्याची नायलॉनची दोरी त्यानं दिली, ढील कवा द्यायची, वारा कसा ओळखायचा, तेही त्यानंच शिकवलं. पहिल्यांदा वरून तलाव दिसला तं दोघंही पाळीवर डोकं लावून बसले. कवडू म्हणे, "लिला, आपला तलाव तं भल्ला सुंदर आहे रे. डोंगीतून कधी समजलंच नाही."

त्या कॅमेऱ्यात एक खोड होती, ते सांगून ठेवते. व्हिडिओच्या कोपऱ्यात तारीख येते. बॅटरी पुरी मेली का आतली घडी थांबते, अन् चार्ज केल्यावर जिथं थांबली तिथूनच पुढे चालते. जुलैच्या पाण्यात त्यानं कॅमेरा डब्यात ठेवला तो संक्रांतीलेच बाहेर काढला. घडी अजून जुलैतच. मीच दाखवलं त्याले, "अहो, तारीख चुकली आहे." म्हणे, "तारीख कोण पाहते? चित्र पाय."

त्या संक्रांतीले माह्या घरी हळदीकुंकू होतं. कवडूची बायको उषाबाई सकाळपासून माह्यासंग तिळाचे लाडू वळून राहिली होती. सणाचा दिवस म्हणून कवडूनं जाळं सुकत टाकलं होतं. पण याले आपल्या व्हिडिओत जाळं पाहिजे! "कवडू, एकदा फेक ना गा, वरून गोल दिसीन." कवडू हसत हसत जाळं घेऊन डोंगीत बसला, तलावाच्या मधात गेला अन् फेकलं. काय गोल पडलं होतं बाप्पा! मासोळ्या त्यानं तशाच सोडून दिल्या. दोघंही आले अन् लाडू खाऊन गेले.

मार्चमध्ये यानं तो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला. सगळ्याईनं अंगठे दाखवले. भय्याजीनं अंगठा नाही दाखवला, थेट घरी बोलावलं. भय्याजी म्हणजे सोसायटीचा अध्यक्ष. त्याले आपल्या पुतण्याले, प्रविणले, सदस्य करायचं होतं, पण जागा रिकामी नव्हती. अन् कवडू भर सभेत बोलला होता, "ज्याले वल्हं धरता येत नाही, त्याले सदस्य कायले करता?" लोकं हसले होते. भय्याजी नव्हता हसला.

पावसाळ्यात मासोळी अंड्यावर असते, तवा जाळं बंद. हा सोसायटीचा नियम. नियम मोडला का सदस्यपद गेलं, अन् सदस्य नसलेला तलावात दिसला का थेट पोलीस.

सभेच्या दिवशी माह्या नवऱ्याले समोर खुर्ची दिली. "या, लिलाधरजी." लिलाधरजी! चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी बायाईसंग दारापाशी बसली होती, त्याची मान कशी ताठ झाली ते पाहून राहिली होती. टीव्हीवर व्हिडिओ लावला. तलाव, डोंगी, कवडू, जाळं. कोपऱ्यात १८ जुलै.

कवडू उठला. "अगा, हे संक्रांतीचं आहे! लिलानंच मले फेकाले सांगितलं. विचारा त्याले."

व्हिडिओत आवाज नुसता वाऱ्याचा. भय्याजी वळला. "सांगा लिलाधरजी. तुमचा कॅमेरा खरा का खोटा?"

एवढं म्हणायचं होतं, का घडी चुकली आहे. तीन शब्द. याची नजर टीव्हीवर, खुर्चीवर, लोकाईवर. मंग म्हणे, "कॅमेरा खरा आहे."

आता ऐका. त्या टीव्हीत तलावाच्या खालच्या धानाच्या साऱ्या बांध्या दिसून राहिल्या होत्या. धान कापलेलं, त्यात हिवाळ्याची लाखोरी निळी फुललेली, बांधावर तणसाचे ढीग. जुलैत बांध्याईत धानाचा रोवणा असते, चिखल असते, लाखोरी कुठून येईल? त्या खोलीत बसलेल्या सगळ्याईचा जनम धानात अन् पाण्यात गेला. डोळे नव्हते का कोणाले? सगळ्याईले दिसलं. एकही बोलला नाही. भय्याजीशी वाकडं कोण घेईल?

अन् मी? मले तं लाखोरीचीही गरज नव्हती. उषाबाईनं माह्याकडे पाहिलं. त्या दिवशीचं कुंकू मीच तिच्या कपाळाले लावलं होतं. मी पदर नीट करू लागली. थू माह्या जिंदगीवर.

कवडूचं नाव कापलं. प्रविणचं चढलं. घरी आल्यावर मी तोंड सोडलं, "लाज वाटते का तुले? त्याची दोरी तुह्या हातात आहे अजून!" म्हणे, "कॅमेरा खोटा म्हटलं असतं, तं उद्यापासून मी पुन्हा पतंग्या." मंग जेवला. पोटभर जेवला!

कवडू शहापूरले, हायवेच्या कामावर, गिट्टी उचलाले जाऊ लागला. महिन्याभरात कंबर गेली अन् घरी बसला. त्याची डोंगी पाळीवर उलटी पडून राहिली. उषाबाई रोवण्याले जाई, तेवढ्यावर चूल. माह्या दारावरून जाताना ती माह्याकडे पाहत नव्हती. शिव्या दिल्या असत्या तं बरं वाटलं असतं.

अन् माहा नवरा झाला तलावाचा राखणदार! भय्याजीनं सांगितलं, रोज पतंग उडवा, कोण जाळं टाकते ते पाहा. त्या दिवशी यानं पहिलं काम काय केलं माहीत आहे? बरोबर तारीख टाकली. कार्ड मोबाईलमध्ये घालून त्यावर तारखेची एक ओळ लिहिली, कॅमेरा सुरू केला, झालं. दोन मिनिटं नाही लागले. मी पाहत राहिली.

जुलैच्या शेवटी आठ दिवस पाणी पडलं. रोवणे थांबले, उषाबाईची मजुरी थांबली. नवव्या दिवशी सकाळी उघाड पडली. हा पतंग घेऊन गेला, अन् परत आला तं चेहरा उजळलेला. मोबाईल माह्यासमोर धरला. तलावात, सोसायटीच्या हद्दीत, डोंगी. डोंगीत कवडू. कंबर धरून कसाबसा उभा होता. त्यानं वर पाहिलं. पतंग दिसली त्याले, ओळखली. मले वाटलं आता पळेल. नाही पळाला. जाळं खांद्यावर घेतलं, अन् संक्रांतीले फेकलं होतं ना, तसंच गोल, पुरं उघडून फेकलं.

मले रडू फुटलं. पायाशी बसली मी याच्या. म्हटलं, "फोडून टाक ते कार्ड. तुह्या पाया पडते. पोलीस नेतीन त्याले. एकदा मारलंस, आता दुसऱ्यांदा नको मारू."

तो माह्याकडे असा पाहून राहिला, का जसं मले काही समजतच नाही.

"काहून रडते?" म्हणे. "तवा तारीख चुकली होती. आता पाय ना, बरोबर आहे."

अन् चप्पल घालून भय्याजीकडे गेला.