काकूंची शाब्बासकी

काकूंना हळू बोलता येत नसे. कानात गुपित सांगायला आल्या, तरी ते शेजारच्या ब्लॉकला कळे. सिंगापुरातल्या सेंगकांगच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये एक खोली भाड्याने घेऊन मी पीएच.डी.ची वर्षं काढली. सकाळी मी खाली पोचले की अकराव्या मजल्यावरून हाक येई, "मुक्ताऽ, डबा राहिला गं!" आणि एलआरटीच्या गाडीकडे निघालेली चिनी, मलय मंडळी उगाचच आपापल्या पिशव्या चाचपून बघत.

कौतुकाच्या बाबतीत तर त्यांचं एक तत्त्वच होतं. "कौतुक गरम गरम वाढावं गं. शिळं झालं की कुणाच्या घशाखाली उतरत नाही." मी साधा भात न करपवता लावला तरी "शाब्बास!" अशी आरोळी ठोकत. आमच्या घरी बोर्डात आलेल्या माणसालाही "बरं केलंस" यापलीकडे काही मिळत नसे, त्यामुळे पहिले काही दिवस मी दचकायचे. पुढे पुढे मात्र ती आरोळी ऐकायला मिळावी म्हणून मी मुद्दाम भांडी घासायला लागले. खोटं कशाला सांगू?

या काकूंच्या पोटी सई जन्माला आली आणि तिने खेळ निवडला तो गोल्फ! काकांनी ऑफिसातल्या लोकांच्या नादाने तो धरला होता आणि पाठ धरल्यावर सोडला. त्यांच्याबरोबर जाणाऱ्या सईने मात्र तो सोडला नाही, थेट युनिव्हर्सिटीच्या टीमपर्यंत नेला. काकूंना त्या खेळाचं काहीच पटत नसे. "एवढं मोठं रान, एवढासा चेंडू आणि त्याहून एवढंसं भोक! त्यात म्हणे कमी फटके मारेल तो जिंकला. जन्मभर पोरीला सांगत आले, मार्क जास्त आण. आता देवाला सांगायचं, कमी पडू देत!" पण सामन्याच्या सकाळी सईच्या तळहातावर दही-साखर पडल्याशिवाय दार उघडत नसे.

त्या खेळात खेळाडूने काठी उचलली की बघणाऱ्याने श्वाससुद्धा जपून घ्यायचा असतो. हे काकूंना कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर ते त्यांच्याच आवाजात बुडालं असेल. त्या पहिल्यांदाच सामना बघायला गेल्या. सईने ऐटीत काठी खांद्यामागे नेली, आणि काकूंना राहवलं नाही. "शाब्बास गं सई!" चेंडू सरळ तळ्यात. "अगं, पण काठी किती छान उचलली होतीस!" एवढाच काकूंचा बचाव होता.

इथल्या गोल्फच्या मैदानांवर विजांची चाहूल लागली की भोंगा वाजतो आणि सगळे खेळ थांबवतात. टीममधल्या मुलींनी त्या दिवसापासून काकूंचं नाव ठेवलं, सायरन आंटी. सई घरी आली ती रडवेली होऊन. "आई, डोन्ट कम एनीमोर, ला. एव्हरीबडी लाफिंग."

"बरं," काकू म्हणाल्या. इतक्या हळू, की मला आधी वाटलं काकाच बोलले.

त्यानंतर काकू खरंच गेल्या नाहीत. काका छत्री घेऊन जात, कारण काका असून नसल्यासारखे असत. काकू दही-साखर देऊन दार लावून घेत आणि मला घेऊन खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या ठेल्यांपाशी जाऊन बसत. तिथला कॉफीवाला अंकल विचारी, "युवर गर्ल विन ऑर नॉट?" मग काकू हातवारे करून त्याला सईचा एकेक फटका रंगवून सांगत. पाहिलेला एकही नसे. अंकलला ते ठाऊक असावं, पण तो माना डोलवत सगळं ऐकून घेई.

बघता बघता सईचं शेवटचं वर्ष आलं. शेवटच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "आई, टुमॉरो लास्ट वन. मग संपलं. यू वॉन्ट टू कम?" आणि लगेच, "बट नो साउंड, हां?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. हातातली पोळी तव्यावर काळी झाली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मग त्यांनी देवापुढची खडीसाखरेची वाटी उचलून माझ्या हातात दिली. "उद्या माझं तोंड रिकामं राहू देऊ नकोस. तुला माझी शप्पथ!"

तर दुसऱ्या दिवशी मी एका हाती छत्री आणि दुसऱ्या हाती खडीसाखर घेऊन काकूंच्या मागे फिरत होते, काका आमच्या मागे. सईने काठी उचलली की काकूंचा हात माझ्या दंडावर यायचा. चेंडू चांगला गेला तर नखं रुतायची, वाईट गेला तर जास्त रुतायची. ऊन रणरणत होतं आणि तोंडातून चकार शब्द नाही. माझा दंड हिरवानिळा झाला, पण काकू हरल्या नाहीत.

शेवटच्या भोकाशी सईने बराच वेळ वाकून अंदाज घेतला आणि चेंडू अलगद आत घातला. जिंकली वगैरे काही नाही. टीमही मधेच कुठेतरी होती. तिने टोपी काढली, मैत्रिणींना मिठ्या मारल्या आणि तडक आमच्याकडे आली. डोळे भरलेले.

"आई, संपलं," ती म्हणाली. "आता ओरड."

काकूंनी तोंड उघडलं. आवाजच फुटेना! ओढणीने आधी सईचा घाम पुसला, मग त्याच ओढणीत स्वतःचं तोंड लपवलं. सई वाट बघत उभी होती. शेवटी काकाच खाकरले आणि म्हणाले, "चला, बस चुकेल."

"ऐन वेळी दगा दिला मेल्या घशाने," काकू पुढे कित्येक दिवस चरफडत होत्या. सई सांगायची, "इट्स ओके, आई." पण काकूंना पटत नव्हतं. "आता म्हणून काय उपयोग? शिळं झालं ते."

काका निवृत्त झाले आणि दोघांचं पुण्याला परतायचं ठरलं. सईला रॅफल्स प्लेसला नोकरी लागली होती, ती इथेच राहणार होती. चांगी विमानतळावर काकूंनी मला लाडवांचा डबा दिला, सईला जवळ घेतलं आणि काकांच्या मागे गेटमधून आत गेल्या. आम्ही काचेच्या अलीकडे उभ्या होतो. आत बऱ्याच दूर गेल्यावर काकू अचानक थांबल्या, हातातली पिशवी खाली ठेवली आणि वळल्या.

"शाब्बाऽऽस गं सई!"

अख्खं विमानतळ गपकन थांबलं. ट्रॉल्या थांबल्या, पोलिसाने मान वळवली, कुणाचं तरी तान्हं दचकून रडायला लागलं. आता ही लाजेने जमिनीत जाणार, म्हणून मी सईकडे पाहिलं. ती टाचा उंचावून उभी होती, हात कानामागे धरून, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि आईच्याच आवाजात ओरडत होती,

"आई, ऐकू नाही आलं! परत म्हण!"

काकूंनी परत म्हटलं.