एकशे अडुसष्ट त्रिकोण

त्रिकोणबाई हे नाव त्यांना विद्यापीठाच्या गणित विभागातल्याच लोकांनी ठेवलेलं, आणि त्यात खोटं तरी काय होतं? चार वर्षं बाई पुठ्ठ्याचे त्रिकोणच तर चिकटवत होत्या. नवरा शिंपी, त्यामुळे कापून द्यायला माणूस घरचाच. पन्नाशी आली तरी बाईंची नोकरी कच्चीच. सोमवारी समिती बसणार होती. हे काम मान्य झालं तर नोकरी पक्की, नाहीतर बसा घरी. सहा वेळा मुदतवाढ मागून बाई पार थकल्या होत्या.

काम तरी काय? तीन यंत्रं, प्रत्येकाकडे आपापलं उत्तर. प्रत्येकाने ते सामाईक फळ्यावर लिहायचं, मग फळा वाचायचा. मग दुसऱ्या, नव्या फळ्यावर पुन्हा एकदा तेच. कोण रेंगाळेल, कोण बंदच पडेल, काही नेम नाही, आणि कुणासाठी थांबायचं नाही. तरी शेवटी तिघांत मिळून जास्तीत जास्त दोनच उत्तरं उरायला हवीत. जे जे घडू शकतं त्या प्रत्येक प्रसंगाचा एक त्रिकोण, त्याच्या तीन टोकांवर तीन यंत्रांना काय दिसलं ते. एखाद्या यंत्राला दोन प्रसंगांतला फरक कळत नसेल, तर ते टोक दोन्ही त्रिकोणांत एकच. सगळे जोडले की एक आकार होतो. तो सलग निघाला तर काम अशक्य; मधे भोक निघालं तर जमण्यासारखं. बाईंच्या एकशे अडुसष्ट त्रिकोणांत मधोमध भोक होतं, आणि सगळी भिस्त त्या भोकावरच होती.

शनिवारी दुपारी नवऱ्याने चष्मा कपाळावर सरकवून टेबलावरचा पसारा पाहिला.

"हे भोक ठेवलंय की राहिलंय?"

"आहेच ते."

"बरं. तिघं वेळेवर आले, तिघांनी लिहिलं, मग तिघांनी वाचलं, दोन्ही वेळा. तो त्रिकोण कुठला?"

"आहे ना इथेच कुठेतरी," म्हणत बाईंनी बोट फिरवायला सुरुवात केली. दोनदा सगळा पसारा धुंडाळला. नव्हता. उशीर करणारी, अर्धवट वाचणारी, मधेच मान टाकणारी यंत्रं हुडकता हुडकता सगळ्यात साधा, सरळ प्रसंगच त्यांनी मांडला नव्हता.

नवऱ्याने पुठ्ठा घेतला, कापला आणि भोकावर ठेवला. चपखल बसला, आकार सलग झाला. बाईंना रडूही येईना. इतका शीण त्यांना कधीच आला नव्हता.

तीन जाणत्या माणसांनी हे काम तपासलं होतं, एकालाही काही खटकलं नव्हतं. सोमवारपर्यंत गप्प बसलं की झालं. बाई तासभर तशाच बसून राहिल्या. मग त्यांनी विभागप्रमुखांना फोन लावला आणि चूक सांगितली.

प्रमुखांनी आवाज खाली आणला. "बाई, हे आणखी कुणाच्या लक्षात आलंय का?"

"माझ्या आलंय," बाई म्हणाल्या.