नांगर उचलायच्या आत

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. थोरली नर्स झाली, धाकटी वकिलीच्या कॉलेजात गेली आणि विषय निवडायची वेळ आली तेव्हा तिने समुद्री कायदा घेतला. आई लोकांचे कपडे शिवायची. ऐकलं आणि तिच्या हातातली कात्री तशीच राहिली.

"अगं, तुला बादलीभर पाण्याची भीती. तू जहाजांची वकील होणार?"

आईचं चुकत नव्हतं. लहानपणी धाकटी इमारतीच्या पाण्याच्या टाकीत पडली होती. मावशीने केसांना धरून वर ओढलं म्हणून वाचली. तेव्हापासून डोक्यावरून पाणी घेतानाही तिचा श्वास अडकायचा. पण हा विषय शिकवणाऱ्या मॅडम नावाजलेल्या वकील होत्या, बंदरासमोर त्यांचं ऑफिस होतं. शिवाय धाकटीची समजूत अशी, की जहाजं आपल्याला पुस्तकातच भेटणार. टक्कर कुणाच्या चुकीने झाली, बुडालेला माल कुणाचा, हे सगळं जमिनीवर, पंख्याखाली बसून ठरतं. ती जीव ओतून शिकली. मॅडमनी तिला शिकाऊ म्हणून ऑफिसात घेतलं.

शेवटची परीक्षा तोंडावर आली होती. एका सकाळी ऑफिसात एक बाई येऊन बसली. पदर की ओढणी, काहीतरी तोंडात घट्ट धरलेलं, आणि बोलत होता तिचा दीर. पहाटे धुक्यात एका मालवाहू जहाजाने त्यांची मासेमारीची बोट उडवली होती. बोटीवर चौघं होते. तिघांना दुसऱ्या बोटीने उचललं. चौथा, म्हणजे या बाईचा नवरा, सापडला नव्हता. जहाज थांबलंच नाही. बचावलेल्यांनी जहाजाच्या मागच्या बाजूवरचं नाव वाचलं होतं, आणि तेच जहाज आता बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. संध्याकाळी निघणार होतं.

"एकदा गेलं की गेलं," मॅडम म्हणाल्या आणि कोर्टाकडे धावल्या.

दुपारी हुकूम मिळाला: जहाजाला अटक. कोर्टाचा बेलिफ जहाजावर चढतो, हुकूम सगळ्यांना दिसेल असा चिकटवतो, आणि मग कोर्ट सोडेपर्यंत जहाज हलवायचं नाही. धाकटीला हे कलमासकट पाठ होतं.

"बंदराच्या साहेबांकडे मी ठाण मांडून बसते, नाहीतर ते कागद दाबून ठेवतील," मॅडम म्हणाल्या. "बेलिफबरोबर तू जा."

"मी?"

"मग काय ही खुर्ची जाईल?"

लाँचमध्ये बसल्यापासून तिने दोन्ही हातांनी बाकाची कड धरली होती. बेलिफ निवृत्तीला टेकलेला, पोट सुटलेला गृहस्थ. त्याला मळमळत होतं. जवळ गेल्यावर जहाज जहाजासारखं दिसेना, नुसती गंजलेली भिंत. भिंतीवरून दोरीची शिडी खाली लोंबत होती. लाँच वर जाई तेव्हा शिडी हाताशी येई, लाँच खाली गेली की डोक्यावर.

"लाट वर आली की पकडायची आणि लगेच चढायचं," लाँचवाला ओरडला. "थांबलात तर पाय चेंगरेल!"

तिने कशी पकडली ते तिला आजही सांगता येत नाही. शिडीवर मध्येच तिचे हात बधिर झाले. खाली पाणी लाँच आणि भिंतीच्या मध्ये सापडून फसफसत होतं. टाकीतल्यासारखाच तिच्या कानात दडा बसला. मागून बेलिफ म्हणाला, "ताई, हला हो, मी पडेन." मग ती हलली.

वर जहाज चालवायच्या केबिनमध्ये कॅप्टन भेटला. उंच, पिकल्या दाढीचा, पायात घरातल्या चपला. त्याने हुकूम शांतपणे वाचला. बेलिफने एक प्रत काचेवर चिकटवली.

"कागद कळला," कॅप्टन म्हणाला. "पण मालकांचा फोन आहे, ताबडतोब निघा. तुम्ही उतरून घ्या."

पायाखालचं लोखंड थरथरायला लागलं. इंजिन सुरू झालं होतं. पुढच्या बाजूने साखळीचा खडखडाट आला. नांगर उचलत होते.

"ताई, आपलं काम झालं," बेलिफ पुटपुटला. "चला, लाँच आहे तोवर."

धाकटीने मनात हिशेब मांडला. उतरलो तर जहाज जाणार. नाही उतरलो तर आपल्याला घेऊन जाणार. तिने फोन काढला, मॅडमचा नंबर लागेना.

"मी उतरत नाही," ती म्हणाली. आवाज फाटला. "हा हुकूम लागल्यावर जहाज हललं तर तो कोर्टाचा अवमान. मालक दूर देशात बसलेत, सापडाल तुम्ही. आणि मला पळवून नेल्याचा गुन्हा वेगळा."

साखळी वाजतच होती. कॅप्टनने नुसतं बोट दाखवलं तरी आपल्याला उचलून शिडीवर टाकतील, असं तिच्या मनात आलं.

"बोटीवर किती जण होते?" त्याने एकदम विचारलं.

"चार. तीन सापडले."

तो काचेजवळ गेला. "मी झोपलो होतो. पहाऱ्यावरचा म्हणतो, काही जाणवलं नाही." मग त्याने वॉकीटॉकी तोंडाजवळ नेला आणि नांगर पुन्हा सोडायला सांगितलं.

उतरणं चढण्याहून वाईट होतं. लाँचमध्ये पोचल्यावर ती फळीवर आडवी झाली आणि बंदराचा धक्का येईपर्यंत डोळे उघडले नाहीत.

खटला दोन वर्षं चालला आणि कंपनीला चूक कबूल करावी लागली. मधल्या काळात धाकटी पास झाली, मॅडमच्याच ऑफिसात वकील म्हणून लागली. शिडी अजून चढते. आदल्या दिवशी तिला जेवण जात नाही, आणि हे ती कुणापासून लपवत नाही.

जहाज अडवलं त्या संध्याकाळी धाकटी ऑफिसात परतली तेव्हा ती बाई अजून तिथेच बसलेली होती.

"थांबलं का जहाज?"

"थांबलं."

"मग, काय म्हणाले ते लोक?"

धाकटीला खोटं सुचलं नाही. "म्हणाले, काही जाणवलं नाही."

"काहीच नाही?" बाईने विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. धाकटीच्या अंगावर असा काटा आला, जसा शिडीवरही आला नव्हता. ती बाईशेजारी जाऊन बसली, आणि दीर रिक्षा घेऊन येईपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या.