डोक्याच्या उंचीचा बॉल

सतरा वर्षांचा असताना मी एका मुलाचा डोळा कायमचा घालवला. बॉल हातातून निसटला, असं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं आणि मीही मान हलवली. तो निसटला नव्हता.

फलटणपासून जवळ आमचं गाव. घरचा ऊस, वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आलेले. बेसबॉल हा खेळ आमच्या शाळेत नव्या क्रीडाशिक्षकांबरोबर आला. माझा हात जोरात चालतो हे सरांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि मला पिचर केलं. पिचर म्हणजे जमिनीवरच्या पांढऱ्या पाटीजवळ, म्हणजे प्लेटजवळ, बॅट घेऊन उभ्या असलेल्या खेळाडूला बॉल टाकणारा. वडिलांना त्या खेळातलं काही कळत नव्हतं, पण वर जायच्या पायऱ्या त्यांनी सरांकडून पाठ करून घेतल्या होत्या. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय. राज्याच्या संघात जागा मिळाली की खेळाच्या कोट्यातून नोकरीचा रस्ता मोकळा.

घरामागच्या चिंचेला त्यांनी ट्रॅक्टरचा जुना टायर टांगला. रोज सकाळी बॉल त्या टायरच्या भोकातून पलीकडे गेला पाहिजे. नाही गेला, तर त्यांच्या हातात विहिरीवरच्या मोटारीच्या काळ्या पाइपचा तुकडा असायचा. पोटऱ्यांवर, पाठीवर, मांडीवर, कुठेही बसायचा. उजव्या हातावर मात्र कधीच नाही. थंडीत त्या हाताला ते स्वतः टॉवेल गुंडाळायचे. आई वळांना हळद-तेल लावायची आणि हळूच म्हणायची, "तेवढा हात सोडत्यात बघ." जणू ते त्यांच्या मायेचंच लक्षण होतं. सरही मारायचे. चुकलं की कानाखाली, सगळ्या मुलांसमोर. आम्हाला कुणालाच त्याचं नवल वाटत नव्हतं.

आम्ही जिल्हा जिंकलो. विभागाचे सामने सांगलीला होते आणि तिथूनच राज्याच्या शिबिरासाठी मुलं निवडणार होते. पिचरच्या बाकीच्या जागा जवळपास ठरल्यात, उरली आहे ती एकच, अशी बातमी सरांनी कुठून तरी आणली. त्या जागेसाठी मी होतो आणि सांगलीच्या संघातला एक डावखुरा मुलगा होता.

त्याचं गाव पूर्वेकडच्या कोरड्या भागातलं. घरची मेंढरं होती आणि शिक्षणासाठी तो तासगावला मामाकडे राहत होता. अंगानं काटक, बोलायला कमी. सामन्याआधी नळावर पाणी पिताना त्यानं माझ्या हाताकडे बघून विचारलं होतं, "तुजा बॉल शेवटाला आत वळतोय, कसा धरतुयास?" मी त्याला दाखवलं नाही.

सामन्यात त्यानं माझा पहिला बॉल थेट कुंपणाबाहेर मारला. दुसऱ्या वेळी आला तेव्हा अशा जोरात मारला की तिसरा बेस राखायला उभं असलेलं आमचं पोर नडगीला लागून लंगडायला लागलं. तो डावखुरा स्वतः बॉल टाकायला उभा राहिला की आमची पोरं एकामागून एक बाद होत होती. निवड समितीतले तिघे मंडपात बसून वहीत काहीतरी लिहीत होते. मला ते लांबूनही दिसत होतं.

मधल्या वेळात सर माझ्याजवळ आले. म्हणाले, "पार प्लेटला चिकटून उभा राहतोय तो. पुढच्या वेळी हलव त्याला."

"हलव म्हंजे, सर?"

"आता तेही मीच सांगू?"

ते गेले आणि दोरीपलीकडून वडिलांनी मला हाक मारली. ओरडले नाहीत. अगदी हळू आवाजात म्हणाले, "आज घरी माणूस म्हणून यायचं का ढोर म्हणून, तुझं तू ठरव."

तो तिसऱ्यांदा समोर आला. हेल्मेट त्याला मोठं होत होतं आणि तो सारखं मागं सारत होता. मी बॉल बोटांत धरला, टायर जसा बघायचो तसा त्याचा चेहरा बघितला आणि फेकला. त्या दिवशीचा माझा तो सगळ्यात सरळ बॉल होता.

ओल्या कपड्यावर धोपटणं मारावं तसा आवाज झाला. तो मागं पडला नाही. गुडघ्यांवर बसला, एका हातानं तोंड झाकलं, दुसऱ्या हातात बॅट तशीच धरलेली. बोटांच्या फटींतून रक्त यायला लागलं आणि कोपरापर्यंत ओघळलं. मग त्यानं एकदाच "आई" म्हटलं आणि कुशीवर कलंडला.

त्यांच्या बाकावरचा एक पोरगा बॅट घेऊन माझ्यावर धावून आला. पहिला फटका माझ्या डाव्या खांद्यावर बसला. मी खाली पडलो तशी आणखी पोरं आली, आणि बुटांचे टोकदार खिळे पाठीत, कमरेत घुसायला लागले. आमची पोरं धावली. वडील दोरी ओलांडून आत आले, त्यांनी कुणाच्या तरी हातातली बॅट हिसकावली आणि मिसरूडही न फुटलेल्या पोरांच्या मांड्यांवर सपासप मारायला लागले. शिट्ट्या वाजत होत्या, शिव्या चालल्या होत्या, धुळीत काही दिसत नव्हतं. त्या सगळ्यात मी पालथा पडून होतो आणि उजवा हात पोटाखाली दाबून धरला होता. पाठ फुटली तरी चालेल, हात वाचला पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

शिक्षकांनी आणि बंदोबस्तावरच्या पोलिसांनी सगळ्यांना वेगळं केलं. त्या मुलाला जीपमध्ये आडवं घालून नेलं. समितीतल्या एकानं मला विचारलं, "मुद्दाम टाकलास का रे?" माझ्या आधी सरच बोलले, "घामानं निसटला, साहेब." मी मान हलवली. दोन दिवसांनी यादी लागली. तिच्यात माझं नाव होतं. वडिलांनी माझ्या पाठीवर, जिथं टाके पडले होते तिथंच, थाप मारली.

राज्याच्या संघात मी खेळलो. राष्ट्रीयला राखीव म्हणून गेलो आणि बाकावर बसून परत आलो, पण प्रमाणपत्र मिळालं. त्या मुलाचा उजवा डोळा गेल्याचं मला शिबिरातच कळलं होतं. सांगलीचाच एक मुलगा जेवताना सहज बोलून गेला. मी ताटातलं सगळं जेवलो. ते मला अजून विसरता येत नाही.

उन्हाळ्यात मी घरी न सांगता एस.टी.नं तासगावला गेलो. त्यानं शाळा सोडली होती आणि मामाच्या बेदाण्याच्या शेडवर तो काम करत होता. जाळ्यांच्या रांगांवर द्राक्षं वाळत पडली होती आणि सगळीकडे गोड, आंबूस वास होता. त्यानं मला लगेच ओळखलं. उजवी पापणी आत बसली होती.

"कशाला आलायंस?" त्यानं विचारलं.

"मुद्दाम मारला हुता," मी म्हणालो.

"म्हाईत हाय मला. मी बॉल येताना बघितला की. माझ्याकडंच येत हुता."

तो आत गेला आणि एक जुना बॉल घेऊन आला. शेडच्या मागं दगडी भिंत होती. म्हणाला, "हुबा ऱ्हा तितं. हलायचं न्हाई."

मी उभा राहिलो. त्यानं अंतर मोजलं, अगदी मैदानावर असतं तेवढं, आणि फेकला. बॉल माझ्यापासून हातभर लांब भिंतीवर आपटला. दुसरा डोक्यावरून गेला. एका डोळ्यानं त्याला अंतराचा अंदाजच येत नव्हता. बॉल उचलून आणताना तो शिव्या देत होता, मला की स्वतःला, कळत नव्हतं. तिसरा चुकला तेव्हा तो रडायला लागला, तोंड वेडंवाकडं करून, आणि तसाच चालत माझ्यापासून चार पावलांवर आला. तिथून त्यानं अंगातला सगळा जोर लावून फेकला. माझी बरगडी मोडल्याचं मला आतून ऐकू आलं. मी खाली बसलो. श्वास घेता येत नव्हता.

तो माझ्याकडे बघत उभा होता. "जा आता," म्हणाला. "परत हिकडं दिसलास तर खोऱ्यानं तोडीन." मी भिंतीला धरून उठलो आणि स्टँडपर्यंत चालत गेलो. त्यानंतर आमची भेट झाली नाही. पुढं त्यानं शेड स्वतःच चालवायला घेतलं, एवढं ऐकून आहे.

घरी गेल्यावर वडिलांनी शर्ट वर करून बघितलं. "कुणी मारलं? नाव सांग. माणसं घिऊन जातो आत्ताच्या आत्ता."

"न्हाई सांगणार."

त्यांनी हात उगारला. मी त्यांचं मनगट वरच्या वर पकडलं आणि पिरगाळलं. ते भिंतीवर जाऊन आदळले. आणखी जोर लावला असता तर हाड मोडलं असतं, आणि मला तो लावावासा वाटत होता. आई मधे पडून ओरडत होती, "आवं, सोडा त्याला! आरं, सोड रं त्यांना!" मी सोडलं. तेव्हापासून त्यांनी माझ्या अंगाला हात लावला नाही, आणि माझ्याशी फारसं बोललेही नाहीत.

नोकरी मिळाली, ती त्याच प्रमाणपत्रावर. साताऱ्यात राहतो. सुटीच्या दिवशी एका शाळेतल्या मुलांना शिकवायला जातो. गेल्या वर्षी तिथल्या एका पिचरनं सरावात दुसऱ्या मुलाच्या पाठीत बॉल मारला आणि हसला. मी माउंडपर्यंत, म्हणजे पिचरच्या त्या उंचवट्यापर्यंत, कसा पोचलो ते मला आठवत नाही. त्याच्या गालावर माझी पाचही बोटं उमटली होती आणि ओठ फुटून दातांवर रक्त आलं होतं. बाकीची पोरं बघत होती. कुणालाच नवल वाटलेलं दिसलं नाही.

पुढचा आठवडाभर मी मैदानावर फिरकलो नाही. मग गेलो, त्या पोराची सगळ्यांसमोर माफी मागितली आणि त्याला पायरीवर शेजारी बसवून ही सगळी हकिकत सांगितली. सर काय म्हणाले, वडील काय म्हणाले, मी काय केलं, काहीही न गाळता. त्यानं मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं. मग ओठावरच्या खपलीला जीभ लावत विचारलं, "पण सर, तुमची निवड झाली न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो. "झाली."