खासदारांचं सांत्वनपत्र

विड्या वळणाऱ्या कमलमावशींनी नवऱ्याच्या फोटोशेजारी खासदारांचं सांत्वनपत्र फ्रेम करून लावलंय. मी आमच्या कामगार संघटनेचं पत्रक त्यांच्या हातात दिलं. विडी कामगारांच्या पेन्शनवाढीविरुद्ध याच खासदारांनी लोकसभेत मत दिल्याचं त्यात छापलं होतं.

"असेल बाई. पण दहाव्याच्या आत पत्र आलं त्यांचं. तू कुठं होतीस?"

मी फ्रेमजवळ जाऊन पत्र पाहिलं. मजकूर छापील, नाव तेवढं भरलेलं, हे मला दिसत होतं. तरी त्या दिवसांत त्यांच्या दारात आलेला तो एकच कागद. मतदारसंघात कोण वारलं, हे या खासदार लोकांना लगेच कळतं. आपण दिल्लीत काय केलं, ते मात्र कधी कळवत नाहीत.

मावशींनी पत्रक पुन्हा वाचलं.

"पत्रावर पत्ता आहे ना त्यांचा? मग लिही. साहेब, पत्र पोचलं, बरं वाटलं. आता आमच्या पेन्शनच्या विरोधात का गेलात, तेवढंही कळवा."