बोलू नको म्हणाली ती

पुण्याच्या कंपनीचा फोन आला तेव्हा माझा नवरा आमच्या गावी, चिखलीत, एका कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझर होता आणि मी एका खासगी शाळेत पाचवी ते सातवीला मराठी शिकवत होते. नोकरी गोदामाची होती, पण पूर्ण जबाबदारीची. पंधरा दिवसांत काय ते कळवा, असं तिकडून सांगितलं होतं. त्या संध्याकाळी तो घरभर फिरत राहिला. आमची मुलगी तेव्हा दुसरीत होती. ती त्याच्या मागे मागे फिरत होती.

"चार दिवस जाऊन पाहू," मी म्हटलं. "मग ठरवू."

पुण्यात माझी एक मैत्रीण होती. डी.एड.ला असताना आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. ती शेगावची. तिचं हसणं वसतिगृहाच्या फाटकापर्यंत ऐकू जायचं, आणि एसटीत कंडक्टरशी भांडून आम्हा सगळ्यांना जागा मिळवून देणारी तीच असायची. लग्नानंतर चार वर्षांनी नवऱ्याबरोबर पुण्याला गेली, त्याला सहा वर्षं झाली होती. सुरुवातीला रोज बोलायची, मग आठवड्याला, मग सणासुदीला. मी फोन लावला तर तिच्या नवऱ्याने उचलला.

"या ना, नक्की या," भाऊजी म्हणाले. "ती जरा कामात आहे. मी सांगतो तिला."

तिचा उलटा फोन आला नाही. मला ते खटकलं, पण तिकिटं काढून झाली होती.

दार तिनेच उघडलं. मी बॅग खाली टाकली आणि तिला मिठीच मारली. "काय वं, काऊन एवढी वाळली तू?"

तिची मुलगी चौथीत होती. ती सोफ्यावर बसून आमच्याकडे पाहत होती. मैत्रिणीने आधी तिच्याकडे पाहिलं, मग मला म्हणाली, "या. प्रवास कसा झाला?"

मला ती 'या' म्हणाली. एका ताटात जेवलेली बाई मला 'या' म्हणाली. मी हसले, कारण मला वाटलं ती गंमत करतेय.

ती गंमत नव्हती. जेवताना ते लक्षात आलं. ती माझ्या नवऱ्याला भाजी वाढत होती आणि मला विचारता विचारता तिच्या तोंडून "त्याले अजून वाढू का" असं निघून गेलं. तिच्या मुलीने वर न पाहता बोटाने टेबलावर एकदा टक् केलं. माझी मैत्रीण वाक्याच्या मध्येच थांबली. वाटी हातात तशीच. मग हळू म्हणाली, "त्यांना अजून वाढू का?"

भाऊजींनी ते आम्हाला समजावून सांगितलं. त्यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटत नव्हतं. माणूस वाईट नव्हताच. तिचं दुखलंखुपलं, मुलीची शाळा, सगळं वेळेवर करणारा. मुलीच्या शाळेत पालकांची मीटिंग होती, तिथे ही शिक्षिकेला म्हणाली, "पोरीले गणित समजून नाही राह्यलं." मागच्या रांगेतल्या बाया हसल्या. मुलगी दोन दिवस जेवली नाही. तेव्हापासून घरात ठरलं, की आतही नीटच बोलायचं, म्हणजे बाहेर चूक होत नाही.

"इथं टिकायचं तर पहिले जीभ बदलावी लागते," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. "मला सहा महिने लागले. हिला जरा जास्त लागतायत."

माझा नवरा मान डोलावत होता.

दुसऱ्या दिवशी दोघे कंपनी पाहायला गेले. तिची मुलगी शाळेत होती, माझी झोपली होती. दुपारी आम्ही दोघीच. मला वाटलं, आता ही मोकळी होईल. मी स्वयंपाकघरात गेले तर ती माझ्याकडे पाठ करून भांडी विसळत होती आणि तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

"कोणाशी बोलून राह्यली वं?"

ती दचकली. थोडा वेळ नळाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आधी मनात म्हणून पाहते. बरोबर वाटलं की मग बोलते."

"माह्यासमोर पण?"

"आता मनातही अडखळते," ती म्हणाली.

नंतर तिने मला खिडकीशी नेलं आणि खाली गेटकडे बोट दाखवलं. तिथला एक म्हातारा वॉचमन मेहकरचा, आमच्याच भागातला होता. मुलीला शाळेच्या बसमध्ये बसवून आल्यावर ती त्याच्याशी दहा मिनिटं बोलायची. पाऊसपाणी, सोयाबीन, कुणाकडे काय झालं, एवढंच. सोसायटीतल्या कुणीतरी भाऊजींना हटकलं. भाऊजी तिच्यावर ओरडले नाहीत. त्यांनी फक्त सोसायटीच्या ऑफिसात सांगितलं, आणि त्या म्हाताऱ्याची ड्युटी मागच्या गेटला गेली. खिडकीतून ते गेट दिसत नव्हतं.

"तू शेगावले जाऊन ये ना थोडे दिवस," मी म्हटलं.

"मुलीची शाळा आहे," ती म्हणाली. हे वाक्य तिला अगदी सहज आलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी माझ्या मुलीला घेऊन खालच्या बागेत गेले. ती दोन मुलींबरोबर घसरगुंडीवर खेळत होती. अंधारून आलं तशी मी हाक मारली, "इकडं ये वं, चाल घरी." तिने ऐकलं. मला दिसलं की तिने ऐकलं. पण ती वळली नाही. मी जवळ गेले तेव्हा ती माझा पदर धरून हळूच म्हणाली, "आई, तू इथं बोलू नको. खुणेनं बोलव मले."

सात वर्षांचं लेकरू. तीन दिवसांत.

खोलीत आल्यावर मी नवऱ्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "लेकरू हाय ते. अन् तू तर मराठीची मॅडम. तुले काय अवघड हाय इथं?"

त्याचं खरं होतं, आणि मला भीती त्याचीच वाटली. आल्यापासून भाऊजींशी बोलताना मी न चुकता 'मले' ऐवजी 'मला' म्हणत होते. मला कुणी टोकलंही नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. भाऊजी त्या दिवशी स्वतः त्यांच्या मुलीला बसमध्ये बसवायला गेले होते. मैत्रीण खाली, स्टँडवर नेणाऱ्या टॅक्सीपर्यंत आली. तिच्या हातात कापडी पिशवी होती. मला वाटलं प्रवासासाठी काही खायला दिलंय. मी हात पुढे केला तर तिने पिशवी दिली नाही, माझं मनगट धरलं.

"मले घेऊन चाल," ती म्हणाली.

चार दिवसांत पहिल्यांदा तिचा खरा आवाज ऐकला. मी हसले. "येजो ना दिवाळीत. मी पण येतो शेगावले."

"दिवाळीत नाही. आता."

पिशवीच्या तोंडातून साडीचा काठ दिसत होता. नवऱ्याने गाडीतून हाक मारली, उशीर होत होता. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. तिने जोर लावला नाही. गाडी वळली तेव्हा ती तिथेच उभी होती, पिशवी छातीशी धरून.

परतीच्या एसटीत नवरा घरं कुठल्या भागात पाहायची ते बोलत होता. जालना मागे पडलं. देऊळगाव राजाच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी मोबाइल हातात घेतला, तिच्या आईला फोन लावावा म्हणून. मग वाटलं, नवरा-बायकोच्या संसारात आपण काय सांगणार. गाडी सुटली. मी मोबाइल ठेवून दिला.

परतल्यानंतर आठव्या दिवशी शाळेत असताना भाऊजींचा फोन आला.

"ती तुमच्याकडं आली का?"

सकाळी मुलीला बसमध्ये बसवायला गेली ती परतलीच नव्हती. मी 'नाही' म्हटलं. पिशवीचं सांगितलं नाही. ती काय म्हणाली होती तेही नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं, "तुम्हाला काही बोलली होती का?" तेव्हाही मी नाहीच म्हटलं. दोन्ही वेळा माझा आवाज नीट होता.

तिसऱ्या दिवशी तिच्या वडिलांचा फोन आला. ती शेगाव स्टेशनवर सापडली होती. माहेर तिथून पायी वीस मिनिटांवर, पण ती घरी गेली नव्हती, बाकावर बसून होती. पोलीस बाईने नाव विचारलं, गाव विचारलं, तिने काही सांगितलं नाही. शेवटी गल्लीतल्या एका माणसाने ओळखलं.

आम्ही खामगावमार्गे लगेच गेलो. ती माजघरात भिंतीला टेकून बसली होती. साडी तीच, काठ मी ओळखला. मी तिच्या शेजारी बसले.

"बोल ना वं माह्याशी. आता इथं कोण टोकते तुले?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलायला लागले, एकदा, पुन्हा एकदा. मी वाट पाहत राहिले. तिची आई दारात उभी राहून वाट पाहत होती. आवाज आला नाही.

परत येताना बसमध्ये मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो तिकिटाच्या घड्या घालत राहिला. मग म्हणाला, "मी काल कंपनीला हो सांगून टाकलं."

तो एकटाच गेला. त्याला आता दोन वर्षं झाली. महिन्यातून एकदा येतो, येताना मुलीसाठी पुण्याच्या शाळांची माहितीपत्रकं आणतो. ती मन लावून वाचते. गेल्या दिवाळीपासून तिने जूनमध्ये जायचंच असा धोशा लावला होता. मी नाही म्हटलं की मला काही बोलत नाही, बापाला फोन करते. मी खूप विचार केला. तिला एकटीला पाठवलं तर ती कशी होऊन परत येईल, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून मीही जायचं ठरवलं. नवऱ्याला एकच अट घातली, घरात आपण आपलंच बोलायचं. तो लगेच हो म्हणाला. जरा जास्तच लगेच.

शाळेचा राजीनामा दिल्यावर मी मैत्रिणीला सांगायला शेगावला गेले. ती आता थोडं बोलते. तिची मुलगी पुण्यातच आहे, सुट्टीत चार दिवस येते. भाऊजी दोनदा न्यायला आले, तिने उंबऱ्याबाहेर पाय ठेवला नाही. आम्ही जाणार हे ऐकून ती रागावेल, रडेल, मला थांबवील असं वाटलं होतं. थांबवलं असतं तर मी थांबले असते की नाही, मला सांगता येत नाही.

ती शेंगा फोडत होती. हात थांबले नाहीत.

"घर कितव्या मजल्यावर हाय? खिडकीतून गेट दिसते का?" तिने विचारलं.

"सहाव्या. दिसते म्हणे."

"बरं," ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

तिच्या आईने चहा आणला. मी तो घाईने प्याले, कारण चिखलीची शेवटची गाडी चुकवून चालणार नव्हतं. माझी मुलगी शेजारणीकडे होती आणि घरात सामान बांधायला काढलेलं होतं.